छत्री एकच उरली तर

माझी आत्या जावळी तालुक्यात, बामणोलीच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत राहते. मी सांगलीत, विश्रामबागेत. माझ्या इमारतीच्या जिन्यात केबलची वायर आहे, दोन कंपन्यांचं फायबर आहे आणि गच्चीवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या छत्र्या आहेत. आत्याच्या वाडीत केबल कधी आलीच नाही. बारा-पंधरा घरांसाठी खांब टाकून वायर वर न्यायला कुणाला परवडणार? मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात मिळते, तीही बोलण्यापुरती. घरात टीव्ही दिसतो तो पत्र्यावर बसवलेल्या छत्रीमुळे. मुलगा वाशीच्या मार्केटात माथाडी आहे. तो दर महिन्याला तिथूनच आईच्या छत्रीचा रिचार्ज मारतो.

टीव्ही पुरवणाऱ्या दोन कंपन्या एक होणार अशी बातमी आली की मला ही दोन घरं आठवतात. चर्चा होते ती एकत्रित ग्राहक किती, भागभांडवलाचं प्रमाण काय, कर्ज कोण उचलणार याची. ग्राहकाचं काय, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर मिळतं: बाजारात अजून पुरेसे पर्याय आहेत. विश्रामबागेत आहेतच. बामणोलीच्या पुढे ते कुठे आहेत? विलीनीकरणानंतर निवड उरते की जाते, हे देशाच्या किंवा राज्याच्या बेरजेवरून ठरवता येत नाही. ते घराच्या उंबऱ्यावर उभं राहून ठरवावं लागतं. या माणसाला आजची कंपनी सोडायची झाली तर तो कुठे जाईल आणि जायला त्याला किती खर्च येईल, एवढंच तिथे विचारायचं असतं.

छत्रीच्या धंद्यात एके काळी गर्दी होती. २००३ मध्ये डिश टीव्ही आली, २००६ मध्ये टाटा स्काय, मग सन डायरेक्ट, बिग टीव्ही आणि एअरटेल, २००९ मध्ये व्हिडिओकॉन डीटूएच. सहा खासगी कंपन्या, शिवाय दूरदर्शनची मोफत छत्री. त्या वर्षांत साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या दुकानदारापासून तालुक्याच्या बाजारात टेबल टाकून बसलेल्या पोरापर्यंत जो तो गिऱ्हाईक ओढत होता. बसवणं फुकट, पहिले काही महिने फुकट, जुना बॉक्स द्या आणि नवा न्या. आत्याच्या वाडीत पहिली छत्री चढली ती याच चढाओढीत. डोंगरात माणूस पाठवणं तेव्हा कंपन्यांना परवडलं, कारण आपण नाही गेलो तर दुसरा जाईल ही धास्ती होती.

पुढे बिग टीव्ही बंद पडली. डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डीटूएच यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये एकत्र येण्याचं जाहीर केलं आणि मार्च २०१८ मध्ये त्या एक झाल्या. दोन्ही नावं मात्र बाजारात राहिली. म्हणजे एकीवर चिडून दुसरीकडे गेलेला ग्राहक त्याच घराच्या दुसऱ्या दारातून आत येतो, आणि पुष्कळांना हे ठाऊकही नसतं. आज खासगी छत्रीवाल्या कंपन्या चार. त्यांतल्या सन डायरेक्टचा मुख्य पसारा दक्षिणेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये एअरटेलने टाटा प्लेबरोबर, म्हणजे आधीच्या टाटा स्कायबरोबर, आपल्या छत्रीच्या (डीटीएच) व्यवसायाच्या विलीनीकरणाची बोलणी चालू असल्याचं सांगितलं. मे महिन्यात ती बोलणी थांबली. ती पार पडली असती तर जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या घरांपुढे व्यवहारात दोनच खासगी नावं उरली असती.

दोन म्हणजे पुरेसे, असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला एकदा उभं राहावं. पोती घेऊन आलेला शेतकरी आधी बघतो की आज बोलीला किती जण उभे आहेत. माल तोच, प्रत तीच, पण दहा जण असले तर दर एक निघतो आणि दोघेच असले तर दुसरा. दोघांनी चहाच्या टपरीवर बसून संगनमत करायचीही गरज पडत नाही. समोरचा किती चढेल हे दोघांनाही न बोलता कळतं.

हाच विचार परदेशातही झाला आहे. अमेरिकेत एकोस्टार आणि डायरेक्ट टीव्ही या छत्रीवाल्या दोन मोठ्या कंपन्या २००१ मध्ये एक व्हायला निघाल्या. तिथल्या दळणवळण आयोगाने ऑक्टोबर २००२ मध्ये ते अडवलं. शहरात केबल होती, पण केबल न पोचलेल्या गावांत या दोनच कंपन्या होत्या. दोनाची एक झाली तर तिथल्या माणसाला कुठेच जाता येणार नव्हतं. कंपन्यांनी शब्द दिला की आम्ही सगळ्या देशाला एकच दर लावू, म्हणजे शहरातल्या स्पर्धेचा फायदा गावालाही मिळेल. आयोगाला तो शब्द पटला नाही. बावीस वर्षांनी, २०२४ मध्ये, याच दोन छत्र्यांच्या विलीनीकरणाचा नवा करार झाला. तो मोडला रोखेधारकांनी अटी नाकारल्यामुळे. तोवर तिथलं लाखो लोकांचं टीव्ही पाहणं इंटरनेटवर गेलेलं होतं.

एकच दर हा युक्तिवाद आपल्याकडेही ऐकू येतो, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. त्यात तथ्य होतं. मुंबईच्या सदनिकेला आणि वाडीतल्या घराला छत्रीचं पॅक साधारण एकाच दराने मिळायचं. मुंबईत केबलशी झुंजायला कंपनीने दर खाली ठेवला की त्याचा लाभ आत्यालाही व्हायचा. या साखळीच्या दोन कड्या आता तुटल्या आहेत. एक तर शहरातला माणूस छत्री सोडून दुसऱ्या छत्रीकडे जात नाही, तो फायबर घेतो आणि टीव्हीचा पूर्ण मार्गच बदलतो. त्याला थोपवण्यासाठी छत्रीचा दर किती उतरवणार? उलट तो गेल्यावर उरलेल्या ग्राहकांकडूनच खर्च भरून काढावा लागतो, आणि उरतो तो ज्याला जाता येत नाही. दुसरी कडी नियमाची होती. २०१९ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या रचनेत नेटवर्क शुल्काला, म्हणजे वाहिन्यांच्या किमतीखेरीज जोडणीसाठी दरमहा द्यायच्या रकमेला, १३० रुपयांची मर्यादा होती, करासह १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढून टाकली. एवढंच नाही, तर हे शुल्क प्रदेशानुसार आणि ग्राहकांच्या वर्गानुसार वेगवेगळं ठेवण्याची मुभा दिली. बाजारात स्पर्धा आहे, दर बाजारावर सोडू, हे त्यामागचं गृहीतक. म्हणजे आता डोंगरातल्या घराला वेगळा दर लावायला नियमाची आडकाठी राहिलेली नाही. अशा वेळी विलीनीकरणाच्या अर्जात 'देशभर एकच दर' हे आश्वासन असलं तरी त्याला आधार कशाचा?

दराइतकाच सेवेचा मुद्दा आहे, आणि त्याचा आकडा कुठल्याच अहवालात नसतो. श्रावणात आमच्या त्या डोंगरात वारा असा सुटतो की छत्री बोटभर हलते आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' येतं. बसवायला माणूस मेढ्याहून किंवा साताऱ्याहून येणार. दोन वर्षांपूर्वी आत्याची छत्री हलली तेव्हा तक्रार नोंदवून सोळा दिवस झाले तरी कुणी आलं नाही. शेवटी शेजारच्या वाडीतला, वेगळ्या कंपनीचं काम करणारा पोरगा कास पठाराकडे जाता जाता वर आला, पाच मिनिटांत छत्री फिरवून गेला आणि म्हणाला, 'आजी, आमचं घ्या, मी इथंच असतो.' आत्याने ते घेतलं. तिचा निर्णय दरावर झाला नव्हता, हाकेला कोण येतं यावर झाला होता. त्या दोन कंपन्या उद्या एक झाल्या, तर दोन पोरांच्या जागी एक पोरगा राहील. विलीनीकरणातून होणारी 'बचत' म्हणून जे मोठ्या आकड्यात मांडतात, त्यात तो पोरगा असतो.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. त्या खोटं बोलत नाहीत. खासगी छत्र्यांचे सक्रिय ग्राहक काही वर्षांपूर्वी ७ कोटींच्या आसपास होते, ते आता ६ कोटींच्या खाली आले आहेत. एका बाजूने मोबाइल आणि फायबर, दुसऱ्या बाजूने मासिक पैसे न घेणारी दूरदर्शनची छत्री. उपग्रहाचं भाडं, परवाना शुल्क, कॉल सेंटर हे खर्च ग्राहक घटले म्हणून घटत नाहीत. दोन आजारी कंपन्यांनी मिळून एक धडधाकट उभी राहत असेल तर ग्राहकाचं त्यात हितच आहे, नाही तर दोन्ही बुडतील, असं त्यांचं म्हणणं. पण २०१८ चं विलीनीकरण याच आशेवर झालं होतं आणि त्यानंतरही छत्र्यांची गळती थांबली नाही. आजार एकटेपणाचा नव्हता, लोक दुसऱ्या मार्गाने टीव्ही बघू लागले हा होता. शिवाय कंपनी जगवण्यासाठी विलीनीकरणाला मंजुरी द्यायचीच असेल तरी कुणाच्या घरावर कोणत्या अटीसह, हा प्रश्न उरतोच.

आतापर्यंत बोललो ते घरापर्यंत टीव्ही आणणाऱ्यांविषयी. त्याहून मोठी उलथापालथ झाली आहे ती वर, वाहिन्यांच्या मालकीत. तिथे तर विश्रामबागेतलं माझं घरही सुटत नाही.

२०१९ मध्ये नवी रचना आली तेव्हा ट्रायने सांगितलं होतं की हव्या त्या वाहिन्या सुट्या घ्या, तेवढेच पैसे द्या. आईने वही घेऊन बसून यादी केली होती: मराठी मालिकांच्या दोन, बातम्यांची एक, भजन-कीर्तनाची एक, वडिलांसाठी क्रिकेट. केबलवाला दादा यादी बघून अवघडला. 'काकू, सुटं घेतलंत तर पॅकपेक्षा महाग पडेल,' तो म्हणाला, आणि ते खरं होतं. वाहिनीची सुटी किंमत १९ रुपये ठेवायची आणि तीच वाहिनी आणखी दहा वाहिन्यांच्या गाठोड्यात मिळून थोड्याशाच जास्त पैशांत द्यायची, हे गणित वरच ठरलेलं असतं. आईची यादी वहीत राहिली, घरी पॅक आलं. गाठोडं बांधण्याची ही ताकद ज्याच्याकडे लोकांना हव्याच असलेल्या वाहिन्या जास्त, त्याच्याकडे जास्त. म्हणून वाहिन्यांची दोन घराणी एक झाली की गाठोडं मोठं होतं आणि सुटं घेण्याचा हक्क कागदावर असूनही आणखी महाग पडतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सची व्हायाकॉम १८ आणि डिस्नेची स्टार इंडिया यांचं विलीनीकरण पूर्ण झालं. ७०,३५२ कोटी रुपयांचा हा संसार, शंभराहून जास्त वाहिन्या, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दोघांची ॲपही एक झाली. रिलायन्सने त्याआधीच, २०१८ मध्ये, हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांत नियंत्रण मिळवण्यासाठी पाच हजार कोटींहून जास्त रक्कम लावली होती. म्हणजे वाहिनी, ती घरी आणणारी केबल, फायबर आणि मोबाइलचं जाळं, आणि ॲप, सगळं एका उद्योगसमूहाच्या हातात. क्रिकेटचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क विकताना क्रिकेट मंडळाने टीव्ही आणि इंटरनेट वेगवेगळं विकलं. टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, इंटरनेटचे व्हायाकॉम १८ ने जवळपास तेवढ्याच रकमेला. वडील म्हणायचे, टीव्हीवर महाग झालं तर फोनवर बघू. दोन वर्षांत दोन्ही हक्क एका छपराखाली आले आणि त्यांचा तो दुसरा रस्ताही त्याच दारात जाऊन मिळाला.

स्पर्धा आयोगाने या व्यवहाराला डोळे मिटून मान्यता दिली असं मी म्हणणार नाही. उलट त्या आदेशातली एक गोष्ट मराठी माणसाने नीट लक्षात ठेवावी अशी आहे. विकून टाकायच्या सात वाहिन्यांच्या यादीत कलर्स मराठी आणि तिची एचडी आवृत्ती होती. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच मालकाकडे राहिल्या तर मराठी प्रेक्षकापुढची निवड आक्रसते, हे त्या यादीत मान्य केलेलं आहे. दोन वर्षं आधी, झी आणि सोनीच्या विलीनीकरणाला मान्यता देताना, विकायला सांगितलेल्या तिन्ही वाहिन्या हिंदी होत्या. झी मराठी आणि सोनी मराठी मात्र एका घरात गेल्या असत्या. तो व्यवहारच जानेवारी २०२४ मध्ये मोडला म्हणून ती वेळ आली नाही. भाषा हा स्वतंत्र बाजार आहे हे आयोगाला एका प्रकरणात दिसलं, ही मोठी गोष्ट आहे. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं, त्या गावात राहून मी हे म्हणतो आहे. मराठीत गोष्ट सांगणाऱ्याला आपली संहिता घेऊन चार दारं ठोठावता आली पाहिजेत. दोनच दारं उरली तर प्रेक्षकाच्या आधी लेखकाची निवड जाते.

भाषेचा विचार करायचा तर जतपर्यंत जायला हवं. जतच्या पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. तिथल्या घराला दोन्ही भाषांच्या वाहिन्या लागतात. महाराष्ट्राचं पॅक मराठी-हिंदीचं, कर्नाटकाचं कन्नड-हिंदीचं, आणि सीमेवरच्या माणसाला एकावर दुसऱ्याची भर घालून बिल फुगवावं लागतं. छोटा केबलचालक अशा गावासाठी स्वतः जुळवाजुळव करायचा, कारण त्याचं गिऱ्हाईकच ते होतं. मालकी जितकी वर आणि दूर जाते, तितकं पॅक राज्याच्या नकाशावरून कापलं जातं. केबलमधल्या मक्तेदारीबद्दल ट्रायने २०१३ मध्ये शिफारशी केल्या, तेव्हाही मोजण्याचं माप राज्य हेच होतं. राज्यात पाच कंपन्या असतील, पण जत तालुक्यातल्या संख किंवा उमदीच्या एखाद्या गल्लीत एकच वायर असते.

त्या छोट्या केबलचालकाची ताकद किती, तेही २०२३ च्या फेब्रुवारीत दिसलं. नव्या दरांचे करार मान्य केले नाहीत म्हणून स्टार, झी आणि सोनीने अनेक केबल कंपन्यांचे सिग्नल काही दिवस तोडले. प्रेक्षकाने त्याचे पैसे आधीच भरले होते. भांडण तिसऱ्या मजल्यावर, अंधार तळमजल्यावर. शिव्या खाल्ल्या त्या दारात वसुलीला येणाऱ्या दादाने, ज्याला नेटवर्क शुल्कातले साधारण ४५ टक्के मिळतात आणि वाहिन्यांच्या दरावर ज्याचा काडीचा अधिकार नाही. याच दादाच्या स्थानिक वाहिनीवर, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ज्या भागात वीज होती तिथे आम्ही पातळी बघत बसलो होतो. कुठली गल्ली बुडाली, बोट कुठून सुटते हे मुंबईची कुठलीच वाहिनी सांगत नव्हती.

मग करायचं काय? विलीनीकरणं सरसकट अडवा, असं मी म्हणत नाही. पण मान्यता देण्याआधी तालुक्याच्या पातळीवर मोजा: कोणत्या गावात केबल पोचते, कुठे फायबर आहे, कुठे फक्त छत्री. आपला ग्राहक कुठल्या गावात आहे हे कंपन्यांना ठाऊक असतंच. जिथे फक्त छत्री आहे तिथे विलीन कंपनीने वेगळा, जास्त दर लावायचा नाही आणि तक्रारीनंतर ठरलेल्या दिवसांत माणूस पाठवायचा, ही अट आदेशात लिहा.

आणि सगळ्यात आधी बॉक्सची बेडी काढा. ऊस आमच्याकडे सगळ्यांना कळतो, म्हणून त्याच भाषेत सांगतो. झोनबंदीच्या काळात शेतकऱ्याला आपला ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालावा लागायचा. शेजारचा कारखाना चार पैसे जास्त देत असला तरी तिकडे ट्रॉली नेता येत नव्हती. शेतकऱ्यांच्या आंदोलनांनी ती भिंत पाडली. सेट टॉप बॉक्स ही टीव्हीची झोनबंदी आहे. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सिग्नलवर चालत नाही, त्यामुळे कंपनी सोडायची म्हणजे नवा बॉक्स, बहुतेक वेळा नवी छत्री, बसवणाऱ्याचे पैसे. एकच बॉक्स सगळीकडे चालवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. ट्रायने एप्रिल २०२० मध्येच शिफारस केली की बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सिग्नलवर चालतील असे असावेत. शिफारस तशीच पडून आहे. मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर आली, आणि तेव्हापासून फोन कंपनीला ग्राहकाशी बोलताना आवाज खाली घ्यावा लागला. टीव्हीच्या ग्राहकाला ती सोय अजून नाही, आणि विलीनीकरणाची परवानगी मागणाऱ्या कंपनीकडून ती मागून घेण्याइतकी चांगली वेळ सरकारला दुसरी मिळणार नाही. परवानगी हवी तर आधी बॉक्स मोकळा करा, एवढीच अट.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो तेव्हा तिच्या पत्र्यावर दोन छत्र्या होत्या. एक पैशाची, एक दूरदर्शनची मोफत. दुसरी तिने स्वतः मेढ्याच्या बाजारातून आणवली होती. पोराचे पैसे उशिरा आले की ती मोफत छत्रीवर सह्याद्री बघते. तिची आवडती मालिका तिथे नाही. पैसे आले की पहिली छत्री चालू होते, आणि मधल्या दिवसांत काय घडलं ते शेजारीण येऊन सांगते. माळ्यावर मात्र दोन कंपन्यांचे तीन जुने बॉक्स पडले होते. एकाही कंपनीने ते परत नेले नाहीत, आणि त्यांतला एकही दुसऱ्या छत्रीला चालत नाही.